पासवर्ड बदलला, तरी मेल येईनात

एप्रिलच्या शेवटी पुण्याहून एका ताईंचा फोन आला. "तुम्ही मेलवर कळवलेल्या नव्या खात्यात सहा हजार भरले, मिळाले का?" मी कुठलंच नवं खातं कळवलं नव्हतं. देवबागला आमच्या घरातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. माझ्या नावानं कुणी त्यांच्याकडून पैसे मागतंय हे ऐकून हातपायच गळाले.

त्यांना आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगितलं. पैसे त्यांच्या खात्यातून गेले, म्हणजे तक्रार त्यांनीच आणि लगेच करायला हवी होती, पैसे पुढे सरकायच्या आत. त्यांनी केली. रक्कम गोठवल्याचं त्यांना कळलंय, हातात अजून आलेली नाही. त्याची रुखरुख आहे.

मग मी फोनवर जीमेलची सिक्युरिटी उघडली. कुठल्या कुठल्या उपकरणांवर खातं चालू आहे ते तिथे दिसतं. एकापुढे मुंबई होतं, ते बघून घाबरले. पण तो माझाच फोन होता. मोबाईल नेटवर ठिकाण असं लांबचंही दिसतं. दुसरा होता विंडोजचा कॉम्प्युटर, आणि आमच्या घरात कॉम्प्युटरच नाही. मार्चमध्ये एक फॉर्म प्रिंट करायला मालवणात एका दुकानात मेल उघडला होता. तिथे साइन आउट करायचं राहिलं असावं, असा माझा संशय. तो कॉम्प्युटर फोनवरच्या त्या यादीतूनच साइन आउट केला, पासवर्ड बदलला.

दोन दिवस झाले, बुकिंगचा एक मेल नाही. ऐन हंगामात! कुडाळहून भाचा लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "मावशे, पासवर्ड बदललंस म्हणजे झाला असा नाय. आत काय करून ठेवल्यान ता बघूक व्हया."

त्यानं सेटिंग्जमध्ये फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते ठरवणारे नियम, उघडले. ही यादी फोनवरच्या ॲपमध्ये दिसतच नाही, म्हणून मुद्दाम सांगते. तिथे एक फिल्टर होता: 'बुकिंग' शब्द असलेला मेल इनबॉक्समध्ये येऊ द्यायचा नाही, आणि वाचलेला दाखवायचा. फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे आलेले मेल आपोआप दुसरीकडे पाठवायच्या सोयीत, एक अनोळखी पत्ता. पासवर्ड बदलला तरी हे दोन्ही तसंच चालू होतं! दोन्ही काढून टाकलं. अडवलेले मेल 'ऑल मेल'मध्ये सापडले, एकूण चौदा. विश्वासानं चौकशी करणाऱ्या त्या माणसांना मी उत्तरच दिलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

रिकव्हरीला, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायला, अजून यजमानांचा बंद झालेला नंबर होता. तसा नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, तो बदलला. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू केली. पावसाळ्यात आमच्याकडे रेंज जाते, ओटीपीचा एसएमएस कधी येईल याचा नेम नाही. म्हणून ऑथेंटिकेटर ॲप घेतलं, त्याचा कोड रेंजशिवायही मिळतो. शिवाय दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

मग त्या चौदा जणांना आणि मे महिन्याचं बुकिंग असलेल्या सगळ्यांना मी मेल न करता फोन केले, खाते क्रमांक तोंडी सांगितला, त्यांच्याकडून परत म्हणून घेतला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.