राज्यगीताचं तिसरं कडवं आणि शेजारचा कर्नाटक

परवा कट्ट्यावर विषय निघाला आणि तासभर वाद चालला, म्हणून म्हटलं जे डोक्यात आहे ते एकदा लिहूनच काढावं. विषय आपल्या राज्यगीताचा.

'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत म्हणून कधी जाहीर झालं विचारलं तर निम्म्या लोकांना वाटतं की ते पहिल्यापासूनच होतं. तसं नाहीये. ३१ जानेवारी २०२३ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि १९ फेब्रुवारीपासून, म्हणजे शिवजयंतीपासून, ते लागू झालं. राज्य झालं १ मे १९६० ला, म्हणजे बासष्ट वर्षं महाराष्ट्राला अधिकृत गीतच नव्हतं आणि कुणाचं काही अडलं पण नाही, कारण लोकांनी ते आधीच ठरवून टाकलेलं होतं. नागपूरच्या राजा बढेंनी लिहिलं, श्रीनिवास खळेंनी चाल दिली, वाईजवळच्या पसरणीच्या शाहीर साबळेंनी गायलं आणि गल्लीगल्लीतल्या स्पीकरवर ते वाजत राहिलं, त्याला जीआर कशाला पाहिजे होता?

तरी अधिकृत झालं याचा मला मनापासून आनंद आहे. शाळेत परिपाठाला मुलं म्हणतात, सरकारी कार्यक्रमात लोक उभे राहतात, चांगलंच आहे. माझं दुखणं वेगळं आहे. मूळ गाण्यात तीन कडवी आहेत आणि राज्यगीत म्हणून घेतली दोन, कारण अवधी बसवायचा होता, एक मिनिट एक्केचाळीस सेकंद. कुठलं कडवं गेलं आणि कुठलं राहिलं यापेक्षा ते घड्याळाकडे बघून गेलं याचं मला जास्त वाईट वाटतं. शाहिरी गाणं चढत जातं हो, ढोलकी, डफ, मागचा कोरस, प्रत्येक कडव्याला आवाज अजून वर. त्यातली एक पायरी काढली की पुढच्या पायरीवर उडी मारावी लागते.

गेल्या १ मेला आमच्या पेठेतल्या तालमीसमोर झेंडावंदन झालं. ब्लूटूथ स्पीकरवर राज्यगीत लावलं, पोरं ताठ उभी होती, गाणं संपलं, सूत्रसंचालन करणाऱ्याने माईक तोंडाजवळ नेला सुद्धा, आणि पहिल्या रांगेतले तीन-चार म्हातारे थांबलेच नाहीत. राहिलेलं कडवं त्यांनी तसंच पुढे म्हणायला घेतलं, बिनसाजाचं, एकाचा सूर खाली दुसऱ्याचा वर, पण शब्द एकही चुकला नाही. माझा पुतण्या चौथीत आहे, तो माझ्याकडे बघून विचारतो, "काका, हे कुठलं गाणं?" त्याला खरंच माहीत नव्हतं की हे त्याच गाण्याचं कडवं आहे. शाळेत त्याला दोनच शिकवलीत.

आता यावर लोक म्हणतात की अरे जन गण मनची पण पाच कडवी आहेत, आपण एकच म्हणतो, ५२ सेकंदांत. बरोबर आहे. काटछाट सगळीकडे होते, मला मान्य आहे, पण ती कशासाठी होते हे बघायला पाहिजे की नको?

तमिळनाडूचं बघा. मनोन्मणीयम सुंदरम पिळ्ळै यांच्या १८९१ च्या नाटकातलं वंदनगीत तिथे १९७० मध्ये करुणानिधींच्या सरकारने सरकारी कार्यक्रमांसाठी घेतलं, आणि मधल्या काही ओळी गाळल्या. त्या ओळींत कन्नड, तेलुगू, मल्याळम, तुळू या भाषा तमिळच्या पोटातून जन्मल्या असं होतं आणि संस्कृत व्यवहारातून गेली तशी तमिळ गेली नाही असंही होतं. त्या गाळल्या ते मला पटतं. नाटकात कवीने लिहिलं ते ठीक, पण सरकारी कार्यक्रमात शेजाऱ्याला खाली दाखवून आपल्या भाषेची आरती कशाला करायची.

बंगालचं मात्र मला पटलं नाही. टागोरांनी १९०५ च्या फाळणीच्या वेळी लिहिलेलं 'बांगलार माटी बांगलार जल' तिथल्या सरकारने २०२३ मध्ये राज्यगीत केलं आणि त्याच डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये गाताना 'बंगाली लोकांचं' या अर्थाच्या शब्दांच्या जागी 'बंगालचं' असं घातलं. हेतू सगळ्यांना सामावून घ्यायचा होता असं म्हणतात, असेल, पण कवी गेल्यावर त्याच्या ओळीत आपला शब्द घुसवायचा हक्क कुणालाच नाही, सरकारला तर नाहीच नाही.

आणि आता आपला शेजारी. कोल्हापुरात बसून कर्नाटकाचं कौतुक केलं की लोक लगेच भुवया उंचावतात, सीमाभागाचं दुखणं आपल्याकडे घराघरात आहे, माझी मावशी निपाणीची आहे त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण नाडगीताच्या, म्हणजे त्यांच्या राज्यगीताच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. कन्नड कवी कुवेंपूंचं 'जय भारत जननिय तनुजाते' ६ जानेवारी २००४ ला अधिकृत झालं आणि तिथे तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त भांडणं झाली. गाण्यात मध्वाचार्यांचं नाव घ्यायचं की नाही यावरून वाद, मग चालीवरून वाद, म्हैसूर अनंतस्वामींची की सी. अश्वथ यांची, मग किती मिनिटं गायचं यावरून वाद, कारण आळवून आळवून गायलं की लोक उभे राहून दमायचे, वयस्कर माणसांना त्रास व्हायचा. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने ठरवलं, अनंतस्वामींची चाल, वेळ अडीच मिनिटं. त्यावर प्रकरण हायकोर्टात गेलं, याचिका फेटाळली गेली. पण मुद्दा काय, त्यांनी वेळ कमी करताना आलाप काढले, परत परत म्हणायच्या ओळी काढल्या आणि कवीचे शब्द सगळे ठेवले. संपूर्ण कविता अडीच मिनिटांत! मग आपल्याला तीन कडवी का जमू नयेत?

अजून एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. कर्नाटक एकीकरणाचं एक गाजलेलं गाणं, कन्नड कवी हुइलगोळ नारायणरावांचं, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात गायलं गेलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि गाव कुठलं तर बेळगाव. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या मराठी साहित्य संमेलनात झाला, ते संमेलनही बेळगावलाच. दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं राज्य त्याच गावात मागितलं. माझी मावसबहीण निपाणीच्या शाळेत नाडगीत म्हणत मोठी झाली आणि घरी आमच्याबरोबर साबळेंचं गाणं पण तेवढ्याच जोरात म्हणायची, तिला दोन्ही तोंडपाठ आहेत, पूर्ण. कुवेंपूंच्या गाण्यात कर्नाटक ही भारतमातेची लेक आहे, हे मला तिनेच पहिल्यांदा सांगितलं.

माझी मागणी साधी आहे. रोजच्या परिपाठाला दोन कडवी म्हणा, पोरं उन्हात उभी असतात, समजू शकतो. पण १ मेला तरी तिन्ही म्हणा, आणि सरकारी आदेशात, पाठ्यपुस्तकात, शाळेच्या भिंतीवर जिथे जिथे हे गीत छापताय तिथे पूर्ण छापा, खाली राजा बढे, श्रीनिवास खळे, शाहीर साबळे ही तिन्ही नावं घालून. कितीतरी ठिकाणी गीत असतं आणि कवीचं नाव नसतं, हे मला फार लागतं. तालमीतल्या पोरांशी बोललोय, येत्या १ मेला स्पीकर बंद ठेवायचा, ढोलकीवाला आणि डफवाला आणायचा आणि सगळं गाणं तोंडाने म्हणायचं असं ठरतंय. पुतण्याला राहिलेलं कडवं लिहून दिलंय, पाठ करतोय.