कंपनी बुडाली, पण पेन्शन?

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोर कंपन्यांची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेली, तेव्हा पॅकिंगमधल्या आम्ही बायका पगारापेक्षा पेन्शनच्या धास्तीने हवालदिल झालो होतो. त्या विभागात माझी 22 वर्षे गेली. गेटवर रोज नवी अफवा: बँक सगळं जप्त करणार, पीएफही त्यातच जाणार.

तसं होत नाही, हे कळायला वेळ लागला. आपली ईपीएस-95, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन कंपनीच्या तिजोरीत नसतेच. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के दरमहा ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) पेन्शन फंडात जातात, तेही 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त 1,250 रुपये. एकदा भरलेल्या पैशाला कंपनीच्या देणेकऱ्यांचा हात लागत नाही. घोर लावणारे असतात ते न भरलेले महिने.

भाच्याने माझं पासबुक मोबाईलवर उघडून दिलं. माझा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनचा वाटा असे तीन रकाने. महिन्यामागून महिने भरलेले, आणि मग एका ठिकाणी ओळी संपल्या. त्यानंतरच्या महिन्यांच्या पगाराच्या पावत्या माझ्या पिशवीत होत्या. प्रत्येकीवर पीएफची कपात होती. पगारातून कापून न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे. आमच्या हिशेब खात्यात याची कोणाला लाज वाटलेली दिसली नाही. त्या पावत्या मात्र मी जपून ठेवल्या होत्या, आणि पुढे सगळं त्यांच्यावरच उभं राहिलं.

वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली. कंपनीचा कारभार पाहायला एनसीएलटी जो व्यावसायिक नेमते, तो आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल). दावा दाखल करायला त्याच्या नियुक्तीपासून 14 दिवस. कामगाराचा दावा फॉर्म डी मध्ये करायचा, फी काही नाही. युनियनच्या भाऊंनी कँटीनमध्ये बसवून सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले. बहुतेक जणी "एकूण येणे" म्हणून एकच आकडा टाकत होत्या. भाऊंनी तो खोडायला लावला. थकलेला पगार वेगळा, रजेचे पैसे वेगळे, ग्रॅच्युइटी वेगळी, न भरलेला पीएफ-पेन्शन वेगळा. ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: माझा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600, त्याला 26 ने भागलं की 600, त्याचे 15 दिवसांचे 9,000, गुणिले 22 वर्षे, म्हणजे 1,98,000.

आकडे वेगळे का, तर कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, की प्रत्येकाची रांग वेगळी. पगाराच्या थकबाकीपैकी आधीच्या 24 महिन्यांची रक्कम तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने वाटली जाते, म्हणजे पैसा कमी पडला की ती कापली जाते. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडाची येणी दिवाळखोरी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्या वाटपातच धरायची नसतात. एबीजी शिपयार्डच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये हेच सांगितलं. सगळी रक्कम एकाच ओळीत कोंबली, तर हा फरक कोण शोधून काढणार?

एवढ्यावर थांबून चालत नाही. पणजीला पाटोवरच्या पीएफ कार्यालयातही लेखी तक्रार द्यावी लागते, पावत्यांच्या झेरॉक्ससह. त्यात आम्ही मुद्दाम लिहिलं की कार्यालयाने स्वतःही आरपींकडे थकबाकीचा दावा करावा. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

माझ्या बाबतीत आणखी एक गुंता होता. पीएफच्या नोंदीत माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर मालकाची सही लागते, आणि मालक तर फोन उचलत नव्हते. पण कंपनीचा कारभार आता आरपींच्या हाती, तेव्हा सही त्यांची चालते. त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने आधी टाळाटाळ केली. "ताई, हे आमचं काम नाही." आरपीसाहेबांना ईमेल गेला आणि सही झाली.

नोकरी सोडल्याच्या तारखेचंही तसंच. पोर्टलवर आधारच्या ओटीपीने ती आपली आपण टाकता येते, आणि दोघी-तिघी उतावीळ झाल्याही होत्या. पण तिथे शेवटचा हप्ता भरला त्या महिन्यातलीच तारीख घेतली जाते. म्हणजे न भरलेले महिने आपल्याच हाताने सेवेतून पुसायचे! पेन्शन सेवेच्या वर्षांवर ठरते, म्हणून मी त्यांना थांबवलं. खरी तारीख नंतर आरपींच्या ऑफिसमधून नोंदवून घेतली.

खरेदीदार मिळाला नाही, कंपनी लिक्विडेशनला गेली. प्लॉट औद्योगिक विकास महामंडळाचा, लीजवरचा, त्यामुळे विकायला मशिनरी आणि लीजचे हक्क एवढंच. तरीही न भरलेल्या महिन्यांची पीएफ आणि पेन्शनची रक्कम भरली गेली आणि पासबुकातल्या ओळी पुढे सरकल्या. थकलेल्या पगारातला काही भाग हाती आला. ग्रॅच्युइटीचा वेगळा फंड कंपनीने कधी काढलाच नव्हता, आणि ते कारण देऊन लिक्विडेटरने (विक्री आणि वाटप पाहणाऱ्याने) ते दावे नाकारले. नकाराचं पत्र मिळाल्यापासून 14 दिवसांत अपील करता येतं. आमचं सगळ्यांचं एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे दाखल झालं आहे, सुनावणीची तारीख यायची आहे.