तुम्ही विचारलंत म्हणून : जमेची बाजू

"मॅडम, तुम्ही कायम एवढ्या मजेत कशा असता?" ऑफिसात नवीन लागलेली मुलं हमखास विचारतात. खरं सांगू? मी मूळची कुरकुरी. आमच्या घरी विचारा.

मी पतपेढीत रोजकीर्द लिहिते. जमा आणि नावे, दोन्ही बाजू भरल्याशिवाय शिल्लक काढायची नाही, हे हाडात भिनलेलं. मनाचा हिशेब मात्र वर्षानुवर्षं एकाच बाजूवर चालला होता. दिवसभरात चाळीस खातेदार नीट बोलून जायचे, एक खेकसायचा, आणि रात्री भाकरी थापताना डोक्यात तोच.

मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञाच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, २००५ सालचा. लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. त्याचा गुण सहा महिन्यांपर्यंत दिसला, मुख्यतः ज्यांनी नंतरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात. मला तो 'का' पटला. व्हाउचरशिवाय नोंद कसली?

मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून सुरुवात केली. एक नोंद अशी : 'शेजारच्या काकूंनी कुरिअर घेऊन ठेवलं. का? गेल्या महिन्यात त्यांचा सिलिंडर मी उतरवून घेतला होता.' लिहिताना हात थांबला. नशिबानं मिळालं असं जे वाटत होतं, त्यात माझाही थोडा हात होता. नुसतं 'छान छान' म्हणून हे कधीच दिसलं नसतं.

पण रोज लिहिण्याचा महिनाभरात चोथा झाला. 'चहा चांगला झाला', सलग अकरा दिवस! सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अशाच प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेव्हापासून माझा वार रविवार.

आणि हो, 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य मला अजूनही चावतं. वडील आयसीयूत असताना एकजण लिफ्टमध्ये तेच ऐकवून गेला. त्या तीन आठवड्यांची पानं कोरी आहेत. तेव्हा जमेला काही नव्हतंच, उगाच आकडे कशाला बसवायचे?

त्रास कमी झाले का? नाही. खेकसणारा अजून येतो. पण तो आता चाळिसांतला एक असतो, आणि भाकऱ्या करपत नाहीत.

परवा ह्यांनी वही चाळली. "यात मी कुठंय?" शोधलं, तर एकच नोंद सापडली : 'ह्यांनी न सांगता कुकर लावला. का?' पुढची जागा मोकळीच. अजून कळलेलं नाही.