काउंटर-स्ट्राइक १.६ : हिशेबाला पक्का, अंगाने थकलेला

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅनवर, म्हणजे तारेने एकमेकांना जोडलेल्या मशीनवर, काउंटर-स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम खेळणारी नवी टीम का हरते हे बघायचं असेल, तर तिचा नेम नंतर बघा, आधी स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला डॉलरचा आकडा बघा. दुसऱ्याच राउंडला तो शून्याजवळ गेलेला असतो. पहिला पाऊस पडला की घरातलं सगळं बियाणं रानात टाकून मोकळा होणारा शेतकरी आणि ही टीम, दोघांवर दुबार पेरणीच येते.

गेम असा: पाच-पाच जणांच्या दोन टीम, टेररिस्ट बॉम्ब लावतात, सीटी म्हणजे काउंटर-टेररिस्ट त्यांना अडवतात, आणि दर राउंडच्या सुरुवातीला आपल्या डॉलरमधून बंदुका घ्यायच्या. या गेमची खरी ताकद या पैशांच्या हिशेबात आहे, आणि तो तोंडपाठ असल्याशिवाय बाकी सगळं शिकणं वाया जातं. सुरुवातीला हातात ८०० डॉलर. कमाल मर्यादा १६,०००. एक शत्रू मारला की ३००. समोरची टीम साफ केली की जिंकणाऱ्या प्रत्येकाला ३२५०, टेररिस्टांचा बॉम्ब फुटला तर ३५००. हरणाऱ्याला पहिल्या पराभवाचे १४००, आणि ओळीने हरत गेलं तर दर वेळी ५०० वाढत जाऊन तीन हजारांच्या आसपास थांबतात. बॉम्ब लावला पण सीटीने तो निकामी केला, तरी टेररिस्टांना वर ८०० मिळतात. म्हणून हरणार हे दिसत असलं तरी बॉम्ब लावून मरावं. उगाच कोपऱ्यात लपून मरण्यात काही नफा नाही.

आता हाच हिशेब मांडून बघा. पहिल्या राउंडला ६५० चं केव्हलार (गोळी झेलणारं जाकीट) घेतलं, हातात १५० उरले. हरलात, १४०० आले, झाले १५५०. इथे नवखा माणूस १५०० ची एमपी५ ही सबमशीनगन उचलतो. पुन्हा हरला की त्याच्याकडे १९५०, म्हणजे तिसऱ्या राउंडलाही धड रायफल नाही. जाणता खेळाडू दुसऱ्या राउंडला काहीच घेत नाही, पिस्तुलावर काढतो. मग तिसऱ्याला १५५० अधिक १९००, असे ३४५० हातात. टेररिस्ट असेल तर २५०० ची एके-४७ आणि केव्हलार येऊन ३०० उरतात, त्यात एक ग्रेनेड. सीटीचं मात्र अडतं. त्याची रायफल एम४, तिची किंमत ३१००, ती घेतली तर अंगावर काहीच राहत नाही. म्हणून त्या राउंडला २२५० ची फमास ही स्वस्त रायफल आणि १००० चं केव्हलार-हेल्मेट घ्यायचं, २०० चं डिफ्यूज किटही बसतं. फमासला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण तिसऱ्या राउंडला ती लाज राखते.

पाचपैकी चौघांनी बचत केली आणि एकाने खर्च केला, तर ती बचत नाहीच. पाचही जणांनी एकत्र घ्यायचं किंवा एकत्र थांबायचं, हा नियम टीममध्ये मोठ्याने बोलून ठरवा. पैसे एकमेकांना देता येत नाहीत, पण बंदूक विकत घेऊन, कीबोर्डवरची 'जी' ही की दाबून, ती दुसऱ्यासाठी खाली टाकता येते. श्रीमंत खेळाडूने दोन एके घ्याव्यात, एक टाकावी. आणि राउंड हातचा गेला, समोर चार आहेत आणि आपण एकटे, तर हातातली ४७५० ची एडब्ल्यूपी (दुर्बिणीची स्नायपर रायफल) घेऊन लपायचं आणि जिवंत राहायचं, कारण पुढच्या राउंडला ती फुकट मिळते. एक अपवाद ध्यानात ठेवा: बॉम्ब न लावता वेळ संपली, तर जिवंत राहिलेल्या टेररिस्टाला त्या राउंडचे पैसेच मिळत नाहीत. बंदूक वाचली, पण खिसा रिकामा.

मूळ गेम हाफ-लाइफ या गेमचा मॉड, म्हणजे त्याच्यावर बेतलेला बदललेला गेम, म्हणून मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये बाहेर काढला, पुढच्या वर्षी तो हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीकडे गेला, आणि १.६ ही आवृत्ती सप्टेंबर २००३ ची. म्हणजे खालचं इंजिन हाफ-लाइफचंच, क्वेक या त्याहून जुन्या गेमच्या घराण्यातलं. त्यामुळे हा गेम भंगारातल्या मशीनवरही चालतो: किमान गरज ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ९६ एमबी रॅम, १६ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. आज कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात धूळ खात पडलेला डबा यापेक्षा दमदार निघतो. दहा जणांची लॅन इतक्या स्वस्तात दुसऱ्या कुठल्या गेमवर उभी राहत नाही.

बंदुकांचा स्वभाव कोरडा आणि सरळ आहे, आणि मला तोच आवडतो. एके-४७ ची एक गोळी डोक्यात बसली तर हेल्मेट असलं तरी माणूस जातो. एम४च्या गोळीने हेल्मेटवाला साधारण नव्वदभर हेल्थ गमावतो आणि उरलेल्या दहावर उभा राहून तुम्हाला मारतो. म्हणून एम४ला दुसरी गोळी लागतेच. एडब्ल्यूपी पायात लागली तर मारत नाही, बाकी अंगात कुठेही लागली की खेळ संपला. तिच्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या, आणि हातात घेतली की चाल मंदावते: सुरी घेऊन धावताना वेग २५०, एकेसोबत २२१, एडब्ल्यूपीसोबत २१०. म्हणूनच लांब पळायचं असेल तर लोक सुरी काढून पळतात.

गोळी मारताना पाय थांबलेले असायला हवेत. धावता धावता मारलेली पहिली गोळीसुद्धा कुठेही जाते. डावीकडे सरकत असाल तर 'ए' ही की सोडून क्षणभर 'डी' दाबायचं, शरीर जागीच थांबतं, तेव्हा गोळी सोडायची. लांबच्या माणसावर एक-एक, मध्यम अंतरावर दोन-तीन गोळ्यांचा झटका आणि थांबणं. एकेचं बोट दाबून ठेवलं तर गोळ्या वर चढतात आणि मग आडव्या पसरतात. नवख्यांना वाटतं माउस खराब आहे.

भिंती आणि दारांच्या आरपार गोळ्या जाणं हे या इंजिनाचं वरदानही आहे आणि खोटही. एके, एम४, डेझर्ट ईगल, एडब्ल्यूपी आरपार मारतात, एमपी५ मारत नाही. डस्ट २ या नकाशावर मधल्या दाराच्या फळ्यांमागे उभं राहणाऱ्याला लपल्यासारखं वाटतं, तसा तो लपलेला नसतो. पण कुठली भिंत गोळी अडवते आणि कुठली नाही, हे दिसण्यावरून अजिबात कळत नाही. लाकूड काही ठिकाणी दगडासारखं वागतं, आणि जाडजूड वाटणारी भिंत कागदासारखी. हे पाठ करण्याला पर्याय नाही, गेम स्वतः काहीच सांगत नाही. तीच गत पावलांच्या आवाजाची: शिफ्ट दाबून चाललं की आवाज येत नाही, हे माहीत नसलेला माणूस महिनाभर मागून मार खात राहतो.

आता अंग कुठे थकलंय ते. या इंजिनात चाल, उडी आणि गोळीचा धक्का फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या एफपीएसच्या आकड्याला, बांधलेले आहेत. शंभर एफपीएसवाल्याचा आणि साठवाल्याचा गेम सारखा चालत नाही, आणि हरणाऱ्याला वाटतं आपलाच हात बसला नाही. व्हर्टिकल सिंक चालू राहिला की साध्या ६० हर्ट्झच्या एलसीडीवर गेम साठवर अडकतो. तो बंद करा, व्हिडिओ ओपनजीएलवर ठेवा, गेमच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एफपीएस_मॅक्स १०१ द्या. जुन्या मशीनला स्मोक ग्रेनेडचा धूर जड जातो, धुरात एफपीएस निम्म्यावर येताना दिसेल. अशा वेळी रिझोल्यूशन ६४० गुणिले ४८० वर आणायला लाजू नका. माउसचं विंडोजमधलं ॲक्सिलरेशन बंद करा. नवीन आवृत्तीत रॉ इनपुटचा पर्याय आहे, तो चालू केला की भागतं.

नेटवर्कचे आकडे याहून फसवे. जुन्या इन्स्टॉलमध्ये ते डायल-अपच्या काळाला धरून ठेवलेले असतात. लॅनवर रेट २५००० द्या, सीएल_सीएमडीरेट आणि सीएल_अपडेटरेट दोन्ही १०१, आणि ईएक्स_इंटर्प ०.०१. हा शेवटचा आकडा ०.१ राहिला तर समोरचा माणूस तुम्हाला एक दशांश सेकंद जुन्या जागी दिसतो. पण एवढं करूनही काही फरक पडत नसेल, तर दोष सर्व्हरचा असतो: एसव्ही_मॅक्सअपडेटरेट मुळात ३० वर असतो, आणि तो १०१ केल्याशिवाय खेळाडूंनी मागितलेलं त्यांना मिळतच नाही. दहातली नऊ मंडळी आपल्या मशीनवर खटपट करत बसतात आणि सर्व्हरची फाइल कोणी उघडतच नाही.

सर्व्हर खेळाडूच्या मशीनवर चालवू नका. ज्याच्याकडे सर्व्हर, त्याला पिंग (सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ) नाही, आणि त्याचं मशीन अडखळलं की दहाही जण अडखळतात. सगळ्यात जुना डबा बाजूला ठेवून त्यावर नुसता एचएलडीएस हा सर्व्हरचा प्रोग्राम चालवा, त्याला मॉनिटरही लागत नाही. सर्व्हर यादीत दिसत नसेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी २७०१५ पोर्ट उघडा आहे का बघा, आणि सगळ्या मशीनचे आयपी एकाच रांगेतले आहेत का बघा. दिसतो पण जोडत नाही, तर बहुतेक आवृत्त्या वेगळ्या आहेत: काहींकडे प्रोटोकॉल ४७, काहींकडे ४८. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या कॉप्यांची ही ठरलेली दुखणी. नकाशा वेगळा असल्याचा संदेश आला तर सर्व्हरच्या मॅप्स फोल्डरमधली ती एक फाइल सगळ्यांकडे टाका.

स्पर्धेसारखं खेळायचं असेल तर राउंडची वेळ १.७५ मिनिटं, बॉम्बचा टायमर ३५ सेकंद, फ्रेंडली फायर चालू, खरेदीला १५ सेकंद. मुळात राउंड पाच मिनिटांचा आणि बॉम्ब ४५ सेकंदांचा असतो, त्यात सीटी आरामात पोचतो. किट असेल तर बॉम्ब पाच सेकंदांत निघतो, नसेल तर दहा. फ्रेंडली फायर चालू केल्यावर पहिल्या तासाला भांडणं होतात हे गृहीत धरा, आपल्याच माणसाला मारलं की ३३०० कापले जातात.

खानदेशात मे महिन्यात लॅन लावायची तर गेमपेक्षा खोलीची काळजी जास्त. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि जुन्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट केव्हाच वाळून पापडी झालेली असते. मशीन तापलं की आधी एफपीएस घसरतो, मग ते बंद पडतं. पेस्ट नवी लावा, पंख्यातली काळ्या मातीची धूळ ब्लोअरने काढा. जिनिंगजवळ घर असेल तर पंख्याच्या पात्यांना कापसाचे तंतू चिकटलेले सापडतीलच. कूलरचा झोत कॅबिनेटवर धरू नका, ओल आत जाते. त्यापेक्षा रात्री जेवणं झाल्यावर खेळा.

विजेचा हिशेब डॉलरच्या हिशेबाइतकाच लिहून काढा. जुनं मशीन एलसीडीसह १२० ते १५० वॉट धरा, दहा मशीनचे दीड हजाराला टेकतात. सहा अँपिअरच्या एका सॉकेटची ऐपत १३८० वॉट. म्हणजे सगळं एका एक्सटेन्शन बोर्डावर नको, दोन वेगळ्या लाइनवर पाच-पाच मशीन वाटा, कूलर तिसऱ्यावर. लोडशेडिंग असेल तर सगळ्यांना यूपीएस देणं परवडत नाही, पण नेटवर्क स्विच आणि सर्व्हरचा डबा एका ६०० व्हीएच्या यूपीएसवर ठेवा. एका फेजची लाइट गेली तरी स्कोअर जिवंत राहतो आणि उरलेले खेळाडू तिथूनच पुढे खेळतात.

समतोलाची खोट उघड आहे. २२०० ची ढाल १.६ मध्येच आली आणि स्पर्धांनी तिला बंदी घातली, तुम्हीही घाला. ढाल घेऊन दारात बसलेला माणूस हटत नाही आणि गंमत सगळी मरते. एयूजी आणि एसजी ५५२ या दुर्बिणीच्या रायफलीसुद्धा टाळण्याची रीत आहे. बाकी मेनूतल्या निम्म्या बंदुकांना कोणी हात लावत नाही, एम२४९ साठी ५७५० मोजणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा जिंकून कंटाळलेला. नकाशांचंही तेच. असॉल्टवर सीटीला आत शिरायला जागाच मोजक्या, आणि त्या सगळ्या टेररिस्टांना माहीत. अ‍ॅझटेकचा पूल तर एडब्ल्यूपीवाल्याची जहागीर. डेव्ह जॉन्स्टनचा डस्ट २ मात्र दोन्ही बाजूंना सांभाळून घेतो, नव्या टीमला महिनाभर तो एकच द्या.

एकटं सराव करणाऱ्याची यात सोय नाही: १.६ मध्ये मुळात बॉट (संगणकाने चालवलेले खेळाडू) नाहीत. कंडिशन झीरो या पुढच्या काउंटर-स्ट्राइकमधले बॉट किंवा पॉडबॉट वेगळे टाकावे लागतात, आणि ते नेम सुधारतात, पण हिशेब शिकवत नाहीत.

आणि बोलणं. जागांची नावं सगळ्यांची एकच हवीत: लाँग, पिट, कॅट, टनेल. "लाँगवर दोन, एक एडब्ल्यूपी" एवढ्यात काम होतं. "भो, तठे शे, तठे!" (भाऊ, तिथे आहे, तिथे) हे ओरडणं खोलीभर ऐकू जातं, समोरच्या टीमलाही, आणि आपल्या माणसाला तठे म्हणजे कोठे ते मेल्यावरच कळतं. दोन टीम एकाच खोलीत असतील तर मधे पडदा लावा आणि हेडफोन सक्तीचे करा. स्पीकर चालू असला की पावलांचा सगळा खेळ फुकट जातो.