उप, सुब् आणि भुईमुगाची शेंग

नववीत संस्कृतच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेला श्लोक माझ्या वर्गातल्या पुष्कळांना अजून पाठ असेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ धातू एकच, हृ. ‘प्र’ लागला की मार, ‘आ’ लागला की जेवण, ‘सं’ लागला की नाश, ‘वि’ लागला की फेरफटका, ‘परि’ लागला की टाळणं. बाई तो नुसता घोकून घेत नसत. प्रत्येक उपसर्गाची दिशा कुठली, ते हातानं दाखवायला लावत. माझी सारी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली, आणि त्या नोकरीत सगळ्यांत जास्त कामी आला तो संस्कृतचा हा तास. कारण वनस्पतींच्या नावांची भाषा लॅटिन आहे, आणि लॅटिनचे उपसर्ग आपल्या उपसर्गांचे सख्खे नातेवाईक आहेत.

१९३५पासून २०११ संपेपर्यंत नव्या सपुष्प वनस्पतीचं नाव ग्राह्य धरलं जायचं ते तिचं निदान थोडक्यात तरी लॅटिनमध्ये वर्णन दिलं असेल तरच. २०१२पासून इंग्रजी वर्णनही चालतं. म्हणजे माझ्या पिढीला लॅटिन चुकवता येत नव्हतं. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये वाळवलेल्या नमुन्यांची शीट समोर ठेवून मी जुनी वर्णनं लावत बसायची, तेव्हा पावलोपावली भेटायचा तो ‘सुब्’, म्हणजे आपण इंग्रजी वळणानं म्हणतो तो ‘सब’.

शब्दकोशात पाहिलं तर सुब् म्हणजे ‘खाली’. पण वर्णनात ‘सबसेसिलिस’ पान म्हणजे देठाखालचं पान नव्हे, तर जवळजवळ बिनदेठाचं पान. ‘सबग्लोबोसस’ फळ म्हणजे जवळजवळ गोल फळ. खाली आणि जवळजवळ यांचा मेळ कसा घालायचा? इथे संस्कृत धावून आलं. पाणिनीच्या व्याकरणपरंपरेत ‘उपदशाः’ असं उदाहरण आहे: दहाच्या आसपासचे, म्हणजे नऊ किंवा अकरा. सुब् आणि उप ही एकाच मुळापासून निघालेली भावंडं, आणि ग्रीकमधला ‘हिपो’ हे तिसरं. तिघांच्याही अंगात ‘खाली’ आहे, ‘पायथ्याशी’ आहे आणि त्यातून आलेलं ‘थोडं कमी’ आहे. लॅटिनमध्ये शहराच्या पायथ्याच्या वस्तीला ‘सुबुर्बिउम’ म्हणत. आपण उपनगर म्हणतो.

दुसरी किल्ली संधीची. ‘उत्’ आणि ‘लास’ मिळून उल्लास होतो, ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून सज्जन होतो, हे आपण आठवीतच शिकलो. सुब् अगदी तसाच पुढच्या अक्षरात मिसळतो. ‘क’पुढे सुक्, ‘फ’पुढे सुफ्, ‘ग’पुढे सुग्, ‘प’पुढे सुप्. हे कळलं की रोजच्या इंग्रजीतले शब्दही फोडता येतात. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं. सजेस्ट म्हणजे खालून हळूच पुढे आणणं. सस्पेक्ट म्हणजे वरमान न करता खालून पाहणं. माझा आवडता शब्द सबसिडी. रोमन सैन्यात मागच्या रांगेत गुडघे टेकून बसलेली राखीव तुकडी होती, ती ‘सुब्सिदिउम’. पुढची फळी कोसळू लागली की हे उठत. त्यातून मदत हा अर्थ आला आणि अखेर तो सरकारी खताच्या पोत्यापर्यंत पोचला. इथे सुब् म्हणजे ‘पाठीशी’.

आपल्याकडच्या रतनपुरुष या रानवनस्पतीचं एक जुनं नाव आयोनिडियम सफ्रुटिकोसम. ‘फ्रुटेक्स’ म्हणजे झुडूप, त्याआधी सुब्चं झालेलं सुफ्. बुंध्याशी लाकडी, वर मऊ, पुरतं झुडूप नाही अशी वनस्पती. बांधावर ती हातात घेऊन पाहा, नाव किती नेमकं आहे ते लगेच कळतं.

विद्यार्थ्यांना मी एक इशारा नेहमी देत आले. दिसला ‘सब’ की फोडायचा नाही. फ्लॉक्स सब्युलाटा या बागेतल्या फुलझाडाच्या नावातला ‘सुबुला’ हा चांभाराच्या आरीला शब्द आहे. पानं टोकदार म्हणून ते नाव. बूच देणाऱ्या ओकच्या नावातला ‘सुबेर’ म्हणजे बूचच. ‘सक्युलंट’मध्येही उपसर्ग नाही, तिथे ‘सुकुस’ आहे, रस. धातू ओळखल्याशिवाय उपसर्गाला हात लावू नये ही बाईंची शिस्त इथेही तंतोतंत लागू पडते.

आणि भुईमूग. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेअसनं १७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात त्याला अ‍ॅरॅकिस हायपोजिया म्हटलं: ग्रीक हिपो, खाली, आणि गेआ, पृथ्वी. त्याच ग्रंथात त्यानं क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीच्या एका जातीला ट्रायफोलियम सबटेरेनियम म्हटलं. फुलोऱ्यानंतर हा क्लोव्हरही मान खाली घालून आपल्या शेंगा मातीत रोवतो. एकाच गुणासाठी एक नाव ग्रीक, एक लॅटिन, आणि दोन्हींतून आपला ‘उप’ डोकावतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा बाईंना पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं, त्यात आणखी पाच उदाहरणं मागितली होती.

आमच्या शाळेच्या महोत्सवानिमित्त तिच्या आवारातल्या झाडांवर नावांच्या पाट्या लावायचं काम मी अंगावर घेतलं आहे. प्रत्येक पाटीवर नावाची फोड असेल. विहिरीकडच्या फणसापासून सुरुवात करते आहे. त्याच्या जुन्या नावातल्या ‘इंटेग्रिफोलिया’त नकाराचा ‘इन्’ आहे आणि ‘स्पर्श करणं’ हा धातू आहे: कुठेही न कातरलेलं, अखंड कडेचं पान. आठवी-नववीची मुलं मदतीला आली तर दर शनिवारी सकाळी मी तिथे असेन.