तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या शेठकडे रोज, म्हणजे दिवसाचा भाव, वाढवून कसा मागायचा?

कारखान्यात पॅनेल वायरिंग, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) यांची कामं नोकरी न करता रोजावर घेणारी जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यातली पोरं हा प्रश्न हटकून विचारतात. नव्या पार्टीला नवा भाव सांगताना जीभ अडत नाही. अडते ती दोन-तीन वर्षं एकाच रोजावर बोलावणाऱ्या, चहा पाजणाऱ्या शेठपुढे.

आधी हिशेब. घराला महिन्याला ४०,००० लागतात असं धरा, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. मीटर, क्रिम्पिंग टूल, लॅपटॉप, केबल्स, गाडीचं पेट्रोल, आरोग्य विमा, सीएची फी मिळून १,२०,००० तरी जातात. झाले ६,००,०००. बहुतेक जण याला ३०० ने भागतात आणि २,००० सांगून मोकळे होतात. घोळ इथेच होतो. रविवार ५२, सणवार १५, लग्नसराई आणि आजारपण १२ वजा केले की उरतात २८६. त्यातले कोटेशन द्यायला, पार्ट शोधायला आणि थकलेलं बिल मागायला जाणारे दिवस काढा, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) बंद असतानाची मंदी काढा. बिल होतं जेमतेम १८० दिवसांचं. ६,००,००० भागिले १८०, म्हणजे ३,३०० च्या वर. हा आकडा शेठला दाखवायचा नाही. आपला खर्च हे त्याच्या दृष्टीने भाव वाढवण्याचं कारणच नसतं. हा आकडा फक्त किती खाली उतरायचं नाही हे स्वतःला कळावं म्हणून.

आता माझं मत. नुसता भाव वाढवण्याआधी दिवस म्हणजे काय ते ठरवा, कारण निम्मी गळती तिथेच आहे. दिवस आठ तासांचा. गेटवर पोचल्यापासून मोजायचा. मटेरियल आलं नाही, ऑपरेटर जेवायला गेला, लाइट गेली म्हणून बसून राहिलात तरी तो दिवस लागला. गावाबाहेर अर्धा दिवस नसतो: जळगावहून धुळ्याला नव्वदेक किलोमीटर, जाऊन-येऊन चार तास रस्त्यावर जातात आणि त्या दिवशी दुसरं काम होत नाही. रात्री आठनंतरचं ब्रेकडाऊन दीडपट. एवढंच नीट लिहून घेतलं तर काही जणांना भाव न वाढवताही वर्षाकाठी बरीच रक्कम सुटते.

वेळ कोणती? जिनवाल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो, त्याआधी मशिनरीची ओव्हरहॉलिंग चालू असते आणि शेठचं डोकं सीझनच्या खर्चातच असतं. पीव्हीसी पाइप किंवा चटईच्या मोठ्या युनिटला पुढच्या आर्थिक वर्षाचं बजेट बसवायचं असतं, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत बोला. मालक शेतकरी घरातला असेल तर त्याला वर्षाच्या बोलीची सवय असतेच, अखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल तो दरवर्षी ठरवतो. लाइन बंद पडलेली असताना मात्र भाव काढू नये. त्या घटकेला पैसे मिळतील, पण ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या एमआयडीसीत फिरते. पीएलसीला पासवर्ड टाकून बसणं त्याच जातीचं. प्रोग्रामचा बॅकअप कारखान्याला देऊन टाका, तो त्याचाच आहे.

मागायला जाताना हातात काय असावं? सर्व्हिस रिपोर्टची फाइल. प्रत्येक व्हिजिटला अर्धं पान पुरतं: किती वाजता पोचलो, काय सापडलं, काय केलं, लाइन किती वाजता सुरू झाली. उदाहरणार्थ, ‘पोच ११.१०. मुख्य मोटरचा ड्राइव्ह ओव्हरटेम्परेचरवर ट्रिप. पॅनेलच्या फॅन फिल्टरवर आणि हीटसिंकवर सरकीच्या रुईचा थर. साफ केलं, फॅन बदलला. सुरू १.४०.’ म्हणजे ड्राइव्ह तापून आपोआप बंद पडला होता. बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण लोड घेतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४४ च्या वर जातो, बंद पॅनेलच्या आत काय होत असेल ते बघा. पुढच्या ओळीत ‘दर पंधरवड्याला फिल्टर साफ करा’ असं लिहिलेलं असेल आणि त्यानंतर ती ट्रिप पुन्हा आली नसेल, तर तो कागद तुमच्यापेक्षा चांगला बोलतो. लाइन तासभर बंद राहिली तर किती नुकसान होतं हे शेठला पाठ असतं, त्याला ते सांगू नका.

मग मेसेज. तोंडी बोलाच, पण त्याच दिवशी लेखी पाठवा, आणि काकुळतीला न येता:

‘शेठजी, नमस्कार. १ ऑक्टोबरपासून माझा रोज २,८०० ऐवजी ३,४०० राहील. दिवस आठ तासांचा, रात्री ८ नंतर दीडपट, गावाबाहेर किमान एक दिवस. सध्या हातात असलेलं काम जुन्याच भावात पूर्ण करून देतो.’

‘परवडत नाही’, ‘महागाई फार झाली’ हे यात नको. आकडा सांगितल्यावर गप्प बसा. खरं अवघड तेच आहे. शेठ दहा सेकंद छताकडे बघतो आणि आपणच बोलून जातो, ‘बरं, तीन हजार द्या.’

मग उत्तरं ठरलेली असतात. ‘दुसरा दोन हजारात येतो.’ भांडू नका: वायरिंग त्याच्याकडून करून घ्या, प्रोग्राम आणि कमिशनिंग (मशीन तपासून चालू करून देणं) माझ्याकडे ठेवा. भाव तोच ठेवून काम कमी करायचं. ‘वर्षभर काम देतो, कमी कर.’ महिन्याचे किती दिवस नक्की, आणि त्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला मिळतील का, एवढं विचारा. महिन्याला दहा दिवसांचे पैसे आगाऊ भरत असेल तर ३,२०० ला हरकत नाही, ते दिवस रिकामे जात नाहीत. नुसत्या तोंडी वर्षभरावर एक रुपया सोडू नये. ‘आपलाच माणूस आहेस तू’ यावर हसायचं आणि मेसेज पाठवायचा.

गिऱ्हाईक सुटेल ही भीती आकड्यात मांडा. १८० दिवस गुणिले २,८०० म्हणजे ५,०४,०००. ३,४०० ने तेवढेच पैसे १४९ दिवसांत येतात, म्हणजे ३१ दिवसांचं काम गेलं तरी कमाई तीच. पण निम्मे दिवस एकाच शेठकडून येत असतील तर सुरुवात त्याच्यापासून करू नका. आधी नव्या पार्ट्या, मग छोटे जुने, तो शेवटी.

पैसे हातात कधी येतात, हेही भावातच धरा. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) फुकट होते, काम घेण्याआधी करून ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम काम करून घेणाऱ्या कारखान्याला टॅक्ससाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंटवाला स्वतःच फोन करतो. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला इन्कम टॅक्स, तोटा म्हणून धरू नका, रिटर्न भरताना वळता होतो. पण तुमचं काम ठेकेदारी धरलं तर १ टक्का आणि प्रोफेशनल फी धरलं तर १० टक्के कापतात, म्हणून बिलावर कामाचं वर्णन स्पष्ट लिहा. उलाढाल २० लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी असेल तर भाव ‘जीएसटी वेगळा’ असाच सांगा, नाहीतर १८ टक्के तुमच्याच खिशातून जातील.

राहिलं ‘पुढच्या सीझनला बघू’. त्याला नाही म्हणू नका, तारीख मागा. ‘१५ फेब्रुवारीला येतो मग’ म्हणून तिथेच मोबाइलमध्ये टाका, आणि तोपर्यंत जुन्या भावात फक्त दिवसा आणि आधी कळवलेलीच कामं घ्या.