चांदोबाच्या लिंबापर्यंत

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पुणे, हे समीकरण माझ्या आजोबांच्या काळापासूनचे आहे. वैशाखात लू वाहू लागली आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की शहराच्या लष्कर नावाच्या भागातली कितीतरी कुटुंबे गोवा एक्स्प्रेस नाहीतर झेलम पकडून मामाकडे किंवा आत्याकडे निघतात. गेल्या ज्येष्ठात मी त्याच गाडीने गेले, परंतु कोणाच्या घरी राहण्यासाठी नव्हे. येथील एका हिंदी दैनिकासाठी मी बारा वर्षे धर्मविषयक वार्तांकन करीत आले आहे, आणि ज्या वारीबद्दल दर आषाढी एकादशीला इतरांच्या बातम्यांवरून चार ओळी लिहीत आले, ती एकदा स्वतःच्या पायांनी चालून पाहावी म्हणून बारा दिवसांची रजा घेतली होती. एवढ्या रजेत पंढरपूर गाठणे शक्य नव्हते. आळंदीपासून तरडगावापर्यंतची वाटचाल तेवढी माझ्या वाट्याला येणार होती.

निघण्याच्या आधीच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे लष्करातील एका लहान चर्चमध्ये गेले होते. मे आणि जून हे येथील चर्चसाठी ओसाडीचे महिने असतात. शाळांना सुट्ट्या लागल्यावर केरळकडची कुटुंबे गावी जातात, तरुण मुले परीक्षा देऊन बाहेरगावी निघून गेलेली असतात, आणि ज्या बाकांवर नाताळच्या रात्री बसायला जागा मिळत नाही त्यांवर दहा-बारा वृद्ध माणसे पंख्याखालची जागा पाहून बसतात. त्या दिवशी पाळकही बाहेरगावी होते. उपासना चालवली ती एका निवृत्त परिचारिकेने. या आजी मूळच्या अहमदनगरच्या. लग्नानंतर ग्वाल्हेरला आल्या आणि येथेच राहिल्या. उपासना हिंदीतून होते, तरी आजींच्या पिशवीत मराठी गीतांचे जुने, पाठ सुटलेले पुस्तक असते, आणि मंडळी जमण्यापूर्वी त्या नारायण वामन टिळकांचे अभंग हलक्या आवाजात म्हणत असतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आजींच्या तोंडून ते अभंग ऐकताना तो पूल किती रुंद असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.

आजी उपासनेच्या तासभर आधी येतात, दोन माठ घासून भरतात आणि त्यांना ओले फडके गुंडाळतात. त्या रविवारी आम्ही अकरा जणी-जण होतो. एवढ्या थोड्या लोकांसाठी दोन माठ कशाला, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, कोण येईल ते आपल्याला ठाऊक असतं का? पाणी भरून ठेवायचं." मग मी वारीला निघाल्याचे कळल्यावर त्यांनी घरी नेऊन माझ्या हातात सुती पट्टीची तीन भेंडोळी आणि व्हॅसलीनची डबी ठेवली. बोटांच्या मधे रोज पहाटे व्हॅसलीन लाव, फोड आला तर सुईने फोडू नकोस, कोरडी पट्टी बांध आणि चाल, एवढी सूचना त्यांनी दोनदा दिली.

आळंदीत महाद्वाराच्या पहिल्या पायरीपाशी, म्हणजे हैबतबाबांच्या पायरीपाशी मी थांबले, कारण ती पायरी आम्हा ग्वाल्हेरकरांची आहे असे मला वाटते. हैबतबाबा आरफळकर हे साताऱ्याजवळच्या आरफळचे, पण चाकरी त्यांनी आमच्या दौलतराव शिंद्यांच्या दरबारी केली. गावी परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना पकडून डांबून ठेवले, तेथे त्यांनी हरिपाठ म्हणत दिवस काढले आणि सुटल्यावर घरी न जाता आळंदी गाठली, असे परंपरा सांगते. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली होती; ज्ञानोबांच्या पादुकांचा स्वतंत्र सोहळा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी उभा केला, आणि त्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू व शिधा पुरवला. सोहळ्याचे घोडे आजही अंकलीहूनच येतात. दिंड्यांचा ठरलेला क्रम, चोपदारांचा शब्द, पहाटेच्या कर्ण्यावर हलणारा तळ, हे सारे पाहताना त्यामागे फौजेत वावरलेला माणूस आहे हे लगेच उमगते. आमचे लष्कर शहर तरी दुसरे काय आहे? दौलतरावांच्या छावणीचेच पुढे गाव झाले आणि नावही तेच राहिले.

त्याच छावणीत त्याच काळी नेपल्सकडच्या फिलोस घराण्यातला जाँ बाप्तिस्त नावाचा कॅथलिक सेनापती होता. अशोकनगर जिल्ह्यातील ईसागढला येशूच्या नावावरून ते नाव त्यानेच दिले, आणि १८७४ मध्ये उभा राहिलेला जयविलास राजवाडा याच घराण्यातील सर मायकल फिलोस यांच्या आराखड्यावर बांधला गेला. एकाच दरबाराचे मीठ खाल्लेल्या माणसांपैकी एकाने ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि दुसऱ्याने माळव्याच्या सीमेवर ईसाचे नाव लावले, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या शाळांत शिकवली जात नाही याची मला खंत आहे.

पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री असते. मधल्या दिवशी मी जवळच्याच गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चपाशी गेले. येथल्या मिशनमध्ये १८९० साली एका व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा दिला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या घंटाघराच्या बाहेर रस्त्याच्या कडेला मंडप घालून काही तरुण वारकऱ्यांना चहा देत होते. कोणाच्या हातचा, हे कोणीही विचारत नव्हते. मी कपभर चहा घेतला, तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

आमची दिंडी परभणीकडची. भिशीचे पैसे भरले की दोन वेळचे जेवण आणि राहुटीत अंग टाकण्यापुरती जागा मिळते. सामान ट्रकमध्ये जाते. माझ्या शेजारच्या मावशींच्या डोक्यावर तुळशीचे वृंदावन होते. त्याखालची चुंबळ एका जुन्या हिरव्या लुगड्याची होती आणि घामाने काळवंडलेली होती. प्रत्येक विसाव्याला त्या आधी वृंदावन उतरवत, मुळाशी दोन बोटे खुपसून माती पाहत, आपल्या बाटलीतले पाणी तिला घालत, आणि उरले तर स्वतः पीत. ही त्यांची बाविसावी वारी. पहिली सासूबरोबर केली होती. सासूने जाताना वृंदावन यांच्याकडे दिले.

दिवेघाटात मी बातमीदाराची सवय सोडू शकले नाही. वळणावरून खाली पाहिले तर हडपसरच्या बाजूपर्यंत पताकाच पताका दिसत होत्या, आणि मी मावशींना विचारले, "मावशी, किती लोक असतील हो?" त्यांनी मागे वळून बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "आपल्या दिंडीत एकशे चाळीस. त्यातल्या दोघी मागं ऱ्हायल्यात. त्यांच्यासाठी वर गेल्यावर थांबायचं हाय." बारा वर्षांत मी प्रत्येक उत्सवाच्या बातमीत पहिल्या ओळीत गर्दीचा आकडा लिहिला आहे. नाताळला मेणबत्त्या किती, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत माणसे किती, असे मी पाळकांना आणि फादरांना विचारत आले. मे महिन्यात चर्चमध्ये बातमी नसते असे आमच्याकडे मानले जाते, आणि तसे मीही मानत आले; म्हणून माठ भरणाऱ्या बाईबद्दल मी आजवर एक ओळही लिहिली नव्हती. घाट चढताना ही गोष्ट मला फार लागली.

मागे राहिलेल्या दोघी सासवडच्या अलीकडे आम्हाला मिळाल्या. एकीची टाच फुटली होती. आजींची पट्टी मी तेथे पहिल्यांदा सोडली. ती बाई संकोचून पाय मागे घेत होती आणि "माउली, तुम्ही नका पायाला हात लावू," असे म्हणत होती, मावशींनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि मला म्हणाल्या, "बांधा तुम्ही." पुढे रोज रात्री तळावर दोन-तीन पाय माझ्यासमोर येऊ लागले.

जेजुरी आणि वाल्हे हे मुक्काम पावसात गेले. नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घातले तेव्हा मी काठावर इतकी मागे होते, की मला फक्त टाळांचा आवाज आला. लोणंदच्या तळावरची समाजआरती मात्र मी अगदी जवळून पाहिली. हजारो टाळ एकदम वाजत असतात, चोपदार चोप उंच करून लांब हाक देतात, आणि क्षणात एवढी शांतता होते की कुठेतरी मूल खोकलेले ऐकू येते. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही. चोपदारांना तिच्यापर्यंत जाऊन ऐकून घ्यावेच लागते. त्या रात्री डावीकडच्या एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. पाण्याचा टँकर त्यांच्याकडे आला नव्हता, एवढीच तक्रार होती. ती ऐकली गेली, तेव्हा टाळ थांबले आणि आरती सुरू झाली. धर्मसंस्थांच्या कितीतरी बैठकांना मी हजर राहिले आहे. पाणी मिळाले नाही म्हणणाऱ्यासाठी सारा सोहळा थांबलेला मी तेथेच पाहिला.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. दिंड्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेने स्वाराचा घोडा धावतो, त्याच्यासह माउलींचा घोडा, ज्याच्या पाठीवर कोणीही बसलेले नसते. तो गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मावशींनी ती माती उचलली आणि अर्धी स्वतःच्या कपाळाला लावून अर्धी तुळशीच्या मुळाशी घातली. संध्याकाळी मी निघाले, तेव्हा त्यांनी माझ्या पाया पडण्यासाठी वाकून मला ओशाळवाणे केले, मीही वाकले.

परतल्यावरच्या रविवारी ग्वाल्हेरला पहिला पाऊस झाला होता. मी मुद्दाम तासभर लवकर गेले. आजी ओसरीत माठ घासत होत्या, त्यांनी माझे पाय पाहिले, बोटे दाबून पाहिली आणि विचारले, "पट्टी उरली का?" एकही भेंडोळे उरले नव्हते. कोणाकोणाला बांधली, हे त्यांनी मला एकेक करून सांगायला लावले. मग त्यांनी दुसरा माठ माझ्याकडे सरकवला.